आधी धुरा मोकळा करा, मग सुवार्ता सांगा

सुवार्ता, म्हणजे येशूचा शुभसंदेश, कशी सांगायची हे शिकायला आमच्या ख्रिस्ती मंडळीतली पोरं माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांना वाटतं मी चार वचनं पाठ करायला देईन आणि पत्रकांचा गठ्ठा हातात ठेवीन. मी आधी विचारते, "गावात तुझं कोणाकोणाशी बोलणं बंद आहे?" पोरगं खाली पाहतं. आमच्या खेड्यापाड्यांत या प्रश्नाला बहुतेकांना खाली पाहावंच लागतं. कोणाचा चुलत्याशी धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) वाद, कोणी बहिणीचं नाव सात-बारावर चढू देत नाही, कोणी एका कृषी केंद्राची उधारी थकवून दुसऱ्या दुकानातून बी उचलतो. असा माणूस "देवाशी समेट करा" म्हणायला निघाला की ऐकणारा मनातल्या मनात विचारतो, बापू, आधी तुमच्या काकाचं काय ते सांगा.

मी पाळक नाही. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला आमचं कोरडवाहू वावर आहे, कापूस आणि मधे तुरीच्या ओळी. नवरा होता तोवर संदेश तो द्यायचा आणि मी बायांच्या प्रार्थनासभा घ्यायची. आता दोन्ही माझ्याकडे. त्यामुळे हे सेमिनरीतलं, पाळक घडवणाऱ्या शाळेतलं, ज्ञान नाही. (सेमिनरी यवतमाळातच होती, १९५३ पासून, १९८३ मध्ये ती पुण्याला गेली.) पाळकसाहेब शिकवतात ते बरोबरच असतं, पण त्यांची बदली होते. आपल्याला जन्मभर त्याच शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून जायचं असतं.

काय सांगायचं ते आधी स्वतःला कळू द्या

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा पाचवा अध्याय काढा. अठरापासून एकविसाव्या वचनापर्यंत सावकाश वाचा, मोठ्याने वाचा. तिथे देव रुसून बसलेला नाही आणि माणसं त्याला मनवायला निघालेली नाहीत. समेट देवच करतो, ख्रिस्ताच्या द्वारे करतो, लोकांचे अपराध त्यांच्या खात्यावर धरत नाही, आणि मग ही समेटाची सेवा आपल्या हाती देतो. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात तर स्पष्टच आहे की आपण शत्रू होतो तेव्हाच हे झालं. सुधारल्यावर नाही.

वधस्तंभाचं, म्हणजे येशूच्या क्रुसाचं, इथे काय काम, हे पुष्कळ ख्रिस्ती माणसांनाही सांगता येत नाही. मी असं सांगते. शेजाऱ्याचा बैल रात्री दावं तोडून तुमच्या पऱ्हाटीत (कपाशीत) शिरला. पात्या-बोंडांवर आलेलं पीक, चार तासं (ओळी) साफ. सकाळी शेजारी हात जोडून उभा. तुम्ही म्हणालात, "जाऊ द्या भाऊ." माफ केलं. आता पऱ्हाटी परत उभी राहिली का? नाही राहिली. नुकसान कुठेच गेलं नाही, ते शेजाऱ्याच्या अंगावरून उतरून तुमच्या अंगावर आलं. माफी घेणाऱ्याला फुकट पडते, देणाऱ्याला नाही. देवाने माणसाला माफ केलं तेव्हा ते सगळं नुकसान ख्रिस्ताने वधस्तंभावर आपल्या अंगावर घेतलं. आणि तिसऱ्या दिवशी तो उठला, हे सांगायला विसरू नका. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं एका भल्या माणसाचा हकनाक जीव गेला, एवढीच गोष्ट आहे.

वही घ्या

शाळेची जुनी वही चालेल. रात्री जेवणं आटोपली, घर निजलं की एकावन्नावं स्तोत्र वाचा आणि लिहायला बसा. "प्रभू, माझे सर्व अपराध क्षमा कर" असं घाऊक लिहू नका, त्याने कोणाचंच काही बिघडत नाही. नेमकं लिहा. विकायला नेताना कापसावर पाणी मारून वजन वाढवलं. वेचणीच्या बाईचे दोन किलो कमी धरले. भावजयीबद्दल जे बोललो ते खोटं होतं. प्रत्येक ओळ देवापुढे वाचा आणि क्षमा मागा. योहानाच्या पहिल्या पत्रात वचन आहे की आपण पापं पदरी घेतली तर तो विश्वासू आणि न्यायी आहे, क्षमा करतो. रडू आलंच पाहिजे असं नाही. काही जण उपासप्रार्थनेत ढसाढसा रडतात आणि सोमवारी पुन्हा वजनकाट्यावर बोट ठेवतात.

ज्या ओळी फक्त देवाच्या आणि तुमच्यामधल्या आहेत, त्यांचं पान फाडून चुलीत घाला. ज्या ओळींत दुसऱ्या माणसाचं नाव आहे, ते पान ठेवा. त्याचं काम अजून राहिलं आहे.

त्या माणसाच्या दारात जाताना

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा. म्हणजे दानपेटी थांबू शकते, भाऊ थांबू शकत नाही.

पण जायचीही रीत आहे. मृग लागला की जाऊ नका, पेरणीच्या घाईत कोणाला तुमच्या पश्चात्तापासाठी वेळ नसतो. उलंगवाडी झाली, वावरं रिकामी झाली की जा. सकाळी जा; संध्याकाळी समोरचा प्यालेला असू शकतो. एकटे जा, हातात पवित्र शास्त्र घेऊन जाऊ नका, आणि त्या दिवशी सुवार्ता अजिबात सांगू नका. नाहीतर त्याला वाटेल माफी हे निमित्त होतं. बोलायचं एवढंच: मी अमुक केलं, ते चुकीचं होतं, मी अमुक भरून देतो. "पण तुम्हीही तेव्हा..." हे वाक्य घरी ठेवून जा.

भरून देणं हा भाग लोक गाळतात. गणना पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात अपराध्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा असा नियम आहे. येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयाने तर चौपट देईन म्हटलं. पाणी मारलेल्या कापसाचा हिशेब लावता येतो, वेचणीच्या दोन किलोचाही लावता येतो. जमिनीचं असेल तर तोंडी मिटवू नका. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, फी तुम्ही भरा, खुणा दोघांच्या समोर रोवा. गावात तंटामुक्त समिती जागी असेल तर तिला बोलवा. २००७ मध्ये योजना आली तेव्हा तिचे फलक मोठे लागले होते, आता समिती कुठे आहे कुठे नाही. नसेल तर पोलीस पाटील साक्षीला पुरे.

आमच्या मंडळीतल्या एका भावाने हे केलं. दरवर्षी वखरताना धुरा थोडा थोडा कोरत त्याने शेजाऱ्याची दोन तासं आपल्यात घेतली होती. शेजारी माळकरी, वारीला जाणारा, बोलणं कधीचं बंद. हा गेला आणि म्हणाला, "काकाजी, ते दोन तासं तुमचे होते. मोजणी आणतो, पैसे मीच भरतो." काकाजींचा विश्वास बसेना. "काहून बा? कोर्टाची नोटीस आली काय?" नोटीस वगैरे काही नाही, देवानं मला माफ केलं, आता तुमचं धरून ठेवता येत नाही, असं तो म्हणाला. मोजणी झाली, खुणा रोवल्या. काकाजी आजही माळ घालतात, आषाढीला पंढरपूरला जातात. आमच्या सभेला ते कधी आले नाहीत. पण ख्रिस्ती लोक फसवतात असं कोणी पारावर म्हटलं की तेच उत्तर देतात. याला जे अपयश म्हणतात त्यांना मी शिकवत नाही.

समोरच्याने हाकलून दिलं तर? रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात "शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तेवढं" असं म्हटलं आहे. तेवढं झालं. पैसे घेत नसेल तर त्याच्या पोराच्या हाती देऊ नका, घरात नवीन भांडण लागेल. वर्षभराने परत जा.

आणि एक गोष्ट मी कडकपणे सांगते. हा धडा ज्याने मारलं त्याच्यासाठी आहे. ज्याला मार बसला त्याच्या डोक्यावर तो आपटायचा नाही. नवरा मारतो म्हणून माहेरी आलेल्या पोरीला "समेट कर, परत जा" म्हणणारे लोक आपल्या सभांमध्येही आहेत. तिला सुरक्षित ठेवा, पोलिसांत जायचं असेल तर सोबत जा. जातीवरून ज्याचा अपमान झाला, मार पडला, त्याला "मिटवून घे" म्हणू नका; त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, तो त्याचा हक्क आहे. देवाने समेट केला तेव्हा पापाला पापच म्हटलं, झाकलं नाही.

आता सांगा, पण कोणाला?

गरसेकरांच्या प्रदेशातला तो भुतांनी पछाडलेला माणूस बरा झाला आणि येशूबरोबर नावेत बसायला निघाला. येशूने त्याला घेतलं नाही. आपल्या घरी, आपल्या लोकांकडे जा आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते सांग, म्हणाला. परक्या गावात जाऊन लाऊडस्पीकर लावणं सोपं आहे, तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. मावसभाऊ, शेजारीण, सोबत वेचणी करणाऱ्या बाया, यांच्यापासून सुरुवात करा.

तुमच्या वावरात रोजाने येणाऱ्यांना मात्र कामाच्या वेळात सांगू नका. मजुराला हो म्हणावंच लागतं, उद्याचा रोज तुमच्या हातात असतो. दवाखान्यातल्या खाटेवरच्या माणसालाही नको; त्याला पाणी द्या, डबा द्या. आईबाप नसताना दुसऱ्यांच्या लेकरांना गोळा करून तर मुळीच नको.

आधी विचारा, "एक गोष्ट सांगू का?" नको म्हटलं तर तुरीचा भाव काय चालू आहे ते बोला. हो म्हटलं तर लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या मुलाइतकी आमच्या भागात चालणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. ती पुस्तकी भाषेत सांगू नका. मी अशी सांगते:

"एका माणसाले दोन पोरं होते. लहाना म्हने, बाबा, माह्या हिश्शाचं मले देऊन टाका. बाप जिता हाये अन् हा वाटनी मांगते! बापानं देल्ली. पोट्ट्यानं सारं इकलं, दूर देशी गेला, उडवलं. मंग पडला दुष्काय..."

इथपर्यंत आलं की बाया स्वतःच म्हणतात, "आमच्या जेठानं असंच केलं." बोलू द्या त्यांना. मग पोरगा डुकरं राखायला लागतो. यहुदी माणसाला याहून खाली पडायला जागा नव्हती, हे एका वाक्यात सांगा. तो घरी निघतो, वाटेत बोलायचं पाठ करतो, मला सालदार म्हणून ठेवा. आणि बाप? तो दुरून पाहतो आणि पळत सुटतो. इथे थांबा आणि विचारा, गावचा मोठा माणूस, धोतराचा सोगा धरून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गल्लीतून पळतो का? पोराचं पाठ केलेलं बोलणं बाप पुरं होऊ देत नाही. झगा, अंगठी, पायात जोडे. थोरला भाऊ बाहेर रुसून उभा राहतो, आणि तो आत गेला की नाही हे येशूने सांगितलंच नाही. तुम्हीही सांगू नका.

मग कोणीतरी विचारतं, "अन् त्यानं उडवलेल्या पैशाचं काय?" हा प्रश्न आला की समजा, माणूस ऐकतोय. आता बैलाचं आणि पऱ्हाटीचं सांगा, आणि तिथून वधस्तंभावर या.

त्यानंतर तुमची साक्ष. आधी काय होतं, काय झालं, आता काय आहे. पाच मिनिटांत संपवा. साक्ष म्हटली की काही भावांची जुनी दारू दरवर्षी थोडी वाढत जाते. असं करू नका, तुम्ही किती पीत होता हे गावाला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. येशूने बरा केलेला जन्मापासूनचा आंधळा होता, त्या माणसाने धर्मपुढाऱ्यांना एवढंच सांगितलं, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं.

मग गप्प बसा. लगेच "आत्ताच प्रार्थना करू या" म्हणून हात धरू नका. त्याने वाचायला मागितलं तर एकच शुभवर्तमान द्या, मोठ्या अक्षरातलं, लूक किंवा मार्क. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने नारायण वामन टिळकांना नवा करार दिला. टिळकांनी तो वाचला, झगडले आणि १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांची भजनं आज आपण टाळावर म्हणतो. त्या प्रवाशाने पुस्तक दिलं आणि तो आपल्या वाटेने गेला.

जिथे तोंड आवरायचं

बरं होण्याचं वचन देऊ नका. प्रार्थना करा, जरूर करा, पण साप चावला की आधी गाडी काढा, क्षयाच्या गोळ्या एक दिवसही थांबू देऊ नका. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यात माणसं गेली. फवारणी करून आलेल्याला मळमळ सुटली, घाम फुटला, तर डोक्यावर हात ठेवत बसायची ती वेळ नाही.

ज्या घरात शेतकऱ्याने आत्महत्या केली तिथे जा, आणि तोंड बंद ठेवा. गेलेला कुठे गेला यावर तुमचं मत कोणी विचारलेलं नाही. मागे राहिलेल्या बाईची वेचणी पडली असेल तर चार बाया घेऊन जा आणि कापूस घरात आणून द्या. कर्जाच्या कागदांची पिशवी घेऊन तिच्यासोबत तहसिलीत बसा. ती कधी येशूबद्दल विचारेल, कधी विचारणारही नाही.

मदत आणि सुवार्ता एका हातात धरू नका. ब्लँकेट वाटायचं तर वाटा, त्या दिवशी संदेश नको. लोकांचा संशय जुना आहे. १९५६ मध्ये नियोगी समितीचा अहवाल नागपुरातूनच आला, तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती. शाळा, दवाखाने, पैशाची मदत यांतून धर्मांतरं होतात असा त्यात ठपका होता. सगळे आरोप मला पटत नाहीत, पण संशयाला जागा द्यायची नाही हे मी त्यातून घेतलं. घटनेच्या पंचविसाव्या कलमाने आपल्याला धर्म मानायचा, पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क दिला आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसार म्हणजे दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नव्हे. मला त्यात अडचण दिसत नाही. माणसाचं मन वळवणं तसंही आपल्या हातात नाही.

कोणाच्या देवाला नावं ठेवू नका. बौद्ध शेजाऱ्यांशी बोलताना जास्त जपा. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर त्यांच्या आजी-आजोबांनी काय टाकलं आणि का टाकलं, हे समजून घेतल्याशिवाय तोंड उघडू नका. "आम्ही देवच मानत नाही, समेट कोणाशी करायचा?" असं एका ताईंनी मला विचारलं. मी वाद घातला नाही. ज्यांना कोणी पंगतीला घेत नव्हतं त्यांच्याबरोबर येशू जेवायला बसायचा, हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग तुमच्यात सोयरीक जुळवताना जात काहून पाहता?" या प्रश्नाला उत्तर नाही. इफिसकरांस पत्रात ख्रिस्ताने आडवी भिंत पाडली असं लिहिलं आहे, आणि आपण लग्नाच्या बैठकीत ती पुन्हा बांधतो. सुवार्ता सांगणाऱ्याने आधी आपल्या पोराचं लग्न कसं जुळवतो ते पाहावं.

"बाप्तिस्मा घेतला तं किती पैसे भेटते?" हा प्रश्न येणारच. हसून सांगा, भेटत नाही, उलट दशमांश द्यावा लागतो. "जातीची सवलत जाते का?" याचं उत्तर मात्र हसून टाळू नका. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की ती सवलत राहत नाही. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्यात घेतलं, ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. गोंड, कोलाम, कोरकू अशा अनुसूचित जमातींना धर्माची ही अट नाही. हे बाप्तिस्म्याच्या आधी सांगा, घरच्यांच्या समोर सांगा.

कोणी हो म्हटलं तर

त्याच्याच शब्दांत प्रार्थना करू द्या. वऱ्हाडीत केली तरी देवाला कळते. तुमच्यामागून ओळी म्हणून घेऊ नका.

बाप्तिस्म्याची घाई नको. नवऱ्याने हो म्हटलं म्हणून बायकोला ओढू नका. लक्ष्मीबाई टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, आणि स्वतःच्या मनाने. कुंकू पुसा, मंगळसूत्र काढा असले हुकूम सोडू नका. घरचा पोळा, सासूचं वर्षश्राद्ध, तिथे काय करायचं हे त्याने पाळकांबरोबर बसून ठरवावं; एका दमात सगळं तोडून आलेला माणूस बहुतेकदा एका दमात परतही जातो.

पहिल्या आठवड्यात त्यालाही वही द्या. त्याचाही कुठे तरी धुरा असेल. तुम्ही सोबत जाऊ नका, पण कधी जायचं आणि काय बोलायचं नाही ते सांगून ठेवा. आणि वेचणीच्या दिवसांत रविवारी सकाळी सभेला कोणी येणार नाही, त्यावरून कोणाला बोल लावू नका. सभा रात्री जेवणानंतर ठेवा, आणि लाइट जाते म्हणून गीतं पाठ असू द्या.